मातेच्या रक्ताचा शोध : डॉ. लूसी विल्स यांचे चरित्र

आपल्या स्मरणिकेच्या पानांतून दरवर्षी ज्ञातीतील कर्तृत्ववान स्त्रीपुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होत असतात, आणि ते योग्यच आहे. पूर्वसूरींचे स्मरण ठेवणे हे आपले कर्तव्यच होय. परंतु काही ऋणे अशी असतात की, ती ज्ञातीच्या, प्रांताच्या, किंबहुना देशाच्याही सीमा जुमानीत नाहीत. घरात सून वा लेक गरोदर राहिली म्हणजे डॉक्टर तिला लोह आणि फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या घ्यावयास सांगतात. औषध म्हणून ती गोळी इतकी साधी व स्वस्त की, ती आपल्या घरात कोणत्या वाटेने आली याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती वाट आपल्या मुंबईतील परळ भागातून गेलेली आहे, आणि त्या वाटेवरची पहिली पावले एका इंग्रज विदुषीची आहेत, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्या कुटुंबांस ठाऊक असेल. त्या विदुषीचे नाव डॉ. लूसी विल्स. त्यांच्या जीवनाचा अल्प परिचय करून देण्याचा या लेखात यत्न केला आहे.

बालपण व शिक्षण

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरानजीक सटन कोल्डफील्ड येथे झाला. घराणे खाऊनपिऊन सुखी व सुविद्य होते. आजोबांनी विळे, कोयते अशी धारेची अवजारे बनविण्याचा कारखाना विकत घेतला होता व वडील तोच पुढे चालवीत. वडील स्वतः विज्ञानाचे पदवीधर होते आणि आई एका डॉक्टरांची कन्या होती. आजोबांचे बंधू सर आल्फ्रेड विल्स हे न्यायाधीश म्हणून आणि त्याहूनही आल्प्स पर्वतावरील धाडसी गिर्यारोहक म्हणून विख्यात होते. डोंगरदऱ्यांची व बर्फावरील भ्रमंतीची आवड लूसीबाईंनाही जन्मभर होती.

मुलींना गणित व शास्त्रे शिकविण्याची प्रथा ज्या मोजक्या इंग्रज शाळांनी आरंभी पाडली, त्यांपैकी चेल्टनहॅम येथील शाळेत त्या १९०३ साली दाखल झाल्या. १९०७ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९११ साली वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र या विषयांची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. मात्र त्या काळी केंब्रिजमध्ये स्त्रियांना परीक्षेस बसता येई, उत्तीर्ण होता येई, परंतु पुरुषांसारखी पदवी मिळत नसे. तो अधिकार त्यांना १९४८ साली मिळाला. म्हणजे ज्या विद्यापीठात लूसीबाईंनी चार वर्षे अध्ययन केले, त्या विद्यापीठाने त्यांना पदवीधर म्हणून त्या वेळी मानले नाही. स्त्रीशिक्षणाच्या वाटेत अडसर घालणारे लोक केवळ आपल्याच देशात होते असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

त्याच वर्षी त्यांचे पितृछत्र हरपले, आणि दोन वर्षांनी, १९१३ साली, बहीणही ऐन तारुण्यात निवर्तली. आईसमवेत त्या काही काळ सिलोनला जाऊन राहिल्या. १९१४ मध्ये धाकट्या बंधूबरोबर त्या दक्षिण आफ्रिकेस गेल्या. न्यूनहॅममधील त्यांची मैत्रीण मार्गरेट ह्यूम तेथे वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. हीच मैत्रीण पुढे जीवनसत्त्वांच्या संशोधनात नावारूपास आली. पुढे काय करावे याचा निश्चय लूसीबाईंच्या मनात होत नव्हता. इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. केपटाउन येथील रुग्णालयात काही आठवडे त्यांनी परिचारिकेचे काम केले, आणि मायदेशी परतताच, जानेवारी १९१५ मध्ये, लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यक विद्यालयात त्यांनी नाव घातले. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते.

या विद्यालयाचा व आपल्या मुंबईचा संबंध जुना आहे. लादलेल्या बालविवाहाविरुद्ध न्यायालयात झगडणाऱ्या डॉ. रखमाबाई याच विद्यालयात १८८९ ते १८९४ या काळात शिकल्या होत्या. पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा ज्यांनी सांभाळली, त्या डॉ. जेरुशा झिराड याही याच विद्यालयाच्या विद्यार्थिनी. तेव्हा हिंदुस्थानातील स्त्रियांची दुखणी हा विषय तेथे परका नव्हता.

१९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, लूसीबाई डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटून अर्थार्जन करणे त्यांस सहज शक्य होते. परंतु त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयातील प्रयोगशाळेत अध्यापन व संशोधन करणे पत्करले. गर्भारपणी स्त्रीच्या शरीरातील रासायनिक घडामोडी कशा बदलतात, हा तेथे त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या अभ्यासामुळेच त्यांना मुंबईचे बोलावणे आले.

मुंबईचे बोलावणे

मुंबई त्या काळी गिरण्यांची नगरी होती. कोकणातून व घाटावरून आलेली माणसे परळ, लालबाग, भायखळा या भागांतील चाळींमधून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. १९२८ हे वर्ष तर गिरणी कामगारांच्या प्रदीर्घ संपाचे. दीड लाखांच्या आसपास कामगार त्या वर्षी महिनोगणती संपावर होते. कामगार स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी म्हणून मुंबईच्या कायदेमंडळात त्याच वर्षी चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकास पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा संमत झाला.

गरोदर व बाळंत स्त्रिया एवढ्या मोठ्या संख्येने का दगावतात, याची चौकशी डॉ. मार्गारेट बाल्फोर या अनुभवी स्कॉटिश डॉक्टर मुंबईत करीत होत्या. या चौकशीत एक दुखणे पुन्हा पुन्हा पुढे येई. गर्भारपणाचे शेवटचे महिने आले की बाई पांढरीफटक पडे. दोन पायऱ्या चढताच तिला धाप लागे, पायांवर व तोंडावर सूज येई, अन्नावरची वासना जाई. अशी बाई प्रसूतीचा ताण सोसू शकत नसे. कित्येकदा माता जाई, कित्येकदा मूल, आणि कित्येकदा दोघेही. घरची माणसे याला पांडुरोग म्हणत, नशीब म्हणत, किंवा बाईची प्रकृतीच मुळात नाजूक असे म्हणून स्वस्थ बसत. या दुखण्याचे मूळ शोधण्यासाठी बाल्फोरबाईंनी लूसी विल्स यांना पाचारण केले. १९२८ साली त्या मुंबईस आल्या आणि परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधील हाफकिन संस्थेत त्यांनी आपले बस्तान मांडले. ज्या वास्तूत हाफकिनसाहेबांनी प्लेगच्या लशीचे कार्य केले होते, तीच ही वास्तू.

दुखण्याचे स्वरूप

लूसीबाईंच्या शोधाचे मोल कळण्यासाठी रक्ताविषयी थोडी माहिती घेणे अवश्य आहे. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी हाडांच्या आतील मज्जेत तयार होतात. प्रत्येक पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगते आणि नष्ट होते. ही झीज भरून काढण्यासाठी निरोगी माणसाची मज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी घडवीत असते. या अखंड कारखान्यास कच्चा माल अन्नातूनच मिळतो. लोह कमी पडले तर पेशी लहान व फिकट निघतात. सामान्यतः आढळणारा रक्तक्षय तो हाच.

परंतु मुंबईच्या या स्त्रियांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली निराळे दिसे. त्यांच्या पेशी संख्येने अगदी थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या व बेढब असत. असेच रक्त पर्निशस अॅनिमिया नावाच्या घातक रक्तक्षयात दिसते, आणि तो रोग यकृत खाऊ घातल्याने हटतो असे अमेरिकेतील मिनो व मर्फी या डॉक्टरांनी नुकतेच, १९२६ साली, सिद्ध केले होते. म्हणून मुंबईतील दुखण्यालाही गर्भारपणातील घातक रक्तक्षय असेच नाव पडले होते. तथापि लूसीबाईंनी बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांना दोहोंत भेद दिसू लागला. खऱ्या घातक रक्तक्षयात जठरातील आम्ल नाहीसे होते व मज्जातंतूंना इजा पोहोचते. या स्त्रियांत सहसा तसे आढळत नव्हते.

ताटाची चौकशी

प्रथम त्यांनी हे दुखणे एखाद्या जंतूमुळे होत असावे, या दिशेने तपास केला. तो काळच जंतूंच्या शोधांचा होता, आणि हाफकिन संस्था तर त्या विद्येचे माहेरघर. परंतु पुष्कळ शोधूनही जंतू सापडला नाही. तेव्हा त्यांनी प्रश्नच बदलला. बाईच्या शरीरात बाहेरून काय शिरले, हे शोधण्याऐवजी तिच्या ताटात काय पडत नाही, हे त्या पाहू लागल्या.

डॉ. तळपदे यांच्या सहकार्याने त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली आणि ती १९३० साली प्रसिद्ध केली. कोणत्या घरी काय शिजते व कोण काय खाते, याची अशी मोजदाद रक्तक्षयाच्या संदर्भात पूर्वी क्वचितच झाली असेल. निष्कर्ष स्पष्ट होता. ज्या स्त्रियांची ताटे सर्वांत उणी होती, त्यांच्यातच या दुखण्याचा जोर सर्वांत अधिक होता. मुंबईत त्या काळी ही दशा मुख्यतः गरीब मुसलमान स्त्रियांची आढळली. जातीचा वा धर्माचा या रोगाशी स्वतंत्र संबंध असल्याचे मानण्यास कारण नव्हते. आहार सुधारला की रोग हटतो, हे पुढील प्रयोगांनी दाखवून दिले.

पण ताटातील नेमकी कोणती वस्तू कमी आहे, हे कसे ठरवावे? त्यांनी रुग्ण स्त्रियांना अ व क ही जीवनसत्त्वे देऊन पाहिली. गुण आला नाही. मग या स्त्रियांच्या जेवणासारखे अन्न त्यांनी प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांना घातले. गाभण माद्यांना रक्तक्षय झाला आणि अन्नात यीस्ट मिसळताच तो टळला. एखाद्या उतावळ्या संशोधकाने येथेच विजयाची नौबत वाजविली असती. परंतु या उंदरांवर उवांमुळे पसरणाऱ्या एका संसर्गाचा उपद्रव झाल्याचे आढळले, आणि रक्तक्षय अन्नामुळे की संसर्गामुळे, असा संशय निर्माण झाला. लूसीबाईंनी तो संशय झाकून ठेवला नाही. त्यांनी माकडांवर प्रयोग नव्याने आरंभिले. माकडांतही तोच अनुभव आला.

यीस्ट मिळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मार्माइट नावाचा खाद्यपदार्थ. बिअरच्या धंद्यात उरणाऱ्या यीस्टपासून तो इंग्लंडमध्ये १९०२ सालापासून बनविला जाई. काळसर, दाट, खारट असा हा पदार्थ इंग्रज लोक पावाला लावून खात.  लूसीबाईंनी तो मुंबईच्या आजारी स्त्रियांना देऊन पाहिला, आणि गुण इतका त्वरित आला की पाहणारे चकित झाले. काही दिवसांतच रक्तात कोवळ्या पेशी मोठ्या संख्येने दिसू लागत. भूक परत येई, धाप कमी होई. यकृताचा अर्क महाग होता आणि शाकाहारी घरांत तर तो तोंडी लावणेही कठीण. त्या मानाने हा उपाय स्वस्त व सुसह्य होता. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या प्रख्यात नियतकालिकात त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली.

या पाच वर्षांत त्यांचे काम एकाच ठिकाणी बसून झाले नाही. १९२९ मध्ये त्या निलगिरीतील कुन्नूर येथे गेल्या. आहारशास्त्राचे थोर संशोधक सर रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन तेथे कार्य करीत होते. १९३१ च्या आरंभी मद्रासमधील स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी काम केले. १९३० पासून तीन वर्षे उन्हाळ्यात त्या काही महिने लंडनला जात, परंतु तेथेही प्रयोगशाळा सुटत नसे. १९३३ साली त्या रॉयल फ्री रुग्णालयात कायमच्या परत गेल्या.

नाव नसलेले द्रव्य

यीस्टमध्ये असलेले ते गुणकारी द्रव्य कोणते, हे कोणासच ठाऊक नव्हते. म्हणून संशोधकांत त्याला विल्स द्रव्य असे नाव पडले. काहींचे मत होते की हे द्रव्य व यकृतातील गुणकारी द्रव्य एकच असावे. लूसीबाईंना ते पटत नव्हते. लंडनमध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी चिकाटीने पुढील परीक्षा घेतली. यकृताचा ओबडधोबड अर्क दिला तर दोन्ही रोग बरे होत. परंतु तोच अर्क शुद्ध करीत नेला की घातक रक्तक्षय बरा होई आणि उष्ण देशांतील स्त्रियांचा हा रक्तक्षय मात्र हटत नसे. याचा अर्थ असा की, शुद्ध करताना दुसरे काही द्रव्य गाळले जात होते. या अभ्यासासाठी १९३७ च्या नोव्हेंबरात त्या पुन्हा मुंबईस आल्या. विमानाने प्रवास करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. त्या विमानाने कराचीपर्यंत आल्या व तेथून समुद्रमार्गे मुंबईस पोहोचल्या. हाफकिन संस्थेत दहा आठवडे काम करून त्या १९३८ च्या जानेवारीत परतल्या.

पुढील उलगडा अमेरिकेत झाला. १९४१ साली टेक्सासमधील मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी चार टन पालकाच्या पानांतून एका द्रव्याचा अल्पसा अंश वेगळा केला. पानाला लॅटिन भाषेत फोलियम म्हणतात, त्यावरून त्यांनी त्याला फॉलिक आम्ल असे नाव दिले. त्यानंतर लेडर्ले प्रयोगशाळेतील रसायनज्ञांनी त्याची घडण शोधून १९४५ पर्यंत ते कृत्रिम रीतीने तयारही केले. त्या प्रयोगशाळेतील संशोधनाचे सूत्रधार होते आंध्र प्रदेशातील भीमवरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. परळच्या प्रयोगशाळेत हेरलेले द्रव्य अखेर एका भारतीयाच्या देखरेखीखाली शुद्ध स्वरूपात हाती आले, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल. दुसरे, यकृतातील द्रव्य १९४८ साली हाती लागले. तेच ब १२ जीवनसत्त्व. दोन द्रव्ये भिन्न आहेत हे लूसीबाईंचे अनुमान अशा रीतीने पूर्णपणे खरे ठरले.

फॉलिक आम्ल शरीरात करते काय? एका कार्बन अणूचा अंश एका रेणूवरून उचलून दुसऱ्यावर नेऊन ठेवणे, हे त्याचे काम. काम क्षुल्लक वाटते, पण पेशीच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, त्यावाचून तयार होत नाही. डीएनए तयार झाल्यावाचून पेशीचे विभाजन होत नाही. मज्जेतील कोवळी पेशी मग वाढत राहते, फुगते, पण एकीच्या दोन होत नाहीत. म्हणूनच या स्त्रियांच्या रक्तातील पेशी मोठ्या व थोड्या दिसत. गर्भारपणी पोटातील जीव क्षणोक्षणी नव्या पेशी घडवीत असतो आणि त्यासाठी लागणारे फॉलिक आम्ल आईच्या साठ्यातून ओढून घेतो. ताट आधीच उणे असले तर आईची मज्जा कोरडी पडते. ज्या दुखण्यास लोक नशीब म्हणत होते, त्याचे रासायनिक मर्म हे असे आहे.

उत्तरायुष्य

मायदेशी परतल्यावर लूसीबाईंनी रॉयल फ्री रुग्णालयात १९४७ पर्यंत सेवा केली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असता त्या आणीबाणीच्या वैद्यकीय सेवेत होत्या. जुलै १९४४ मध्ये त्यांच्या रुग्णालयावर उडता बॉम्ब पडून मोठी हानी झाली व प्राणहानीही झाली. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथे रक्तविज्ञानाचा स्वतंत्र विभाग उभा केला.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा दूरदूरच्या प्रदेशांत जाऊन तेथील लोकांचा आहार व रक्तक्षय यांचा त्यांनी अभ्यास केला. लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षातर्फे त्या नगरसेविका म्हणूनही निवडून आल्या. राहणी साधी होती. मोटारीऐवजी सायकलवरून कामावर जाणे त्यांस आवडे. स्वभाव मिस्कील होता. विवाह त्यांनी केला नाही, परंतु तरुणपणी जोडलेल्या मैत्रिणींशी असलेला स्नेह अखेरपर्यंत जपला. १६ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले नाही. ज्या आम्लाचा मागोवा त्यांनी घेतला, त्यालाही त्यांचे नाव कायम राहिले नाही.

त्यांच्या कार्याचा विस्तार मात्र त्यांच्या पश्चात वाढतच गेला. गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच बालकाचा मेंदू व पाठीचा कणा यांची मूळ नळी मिटते. त्या वेळी आईच्या शरीरात फॉलिक आम्ल कमी असेल तर ती नळी उघडी राहून अपंगत्व वा मृत्यू ओढवू शकतो. अशा व्यंगाचे मूल पूर्वी झालेल्या मातांवर सात देशांत एक मोठी चाचणी झाली. त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिल्याने हे व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले, असे १९९१ साली सिद्ध झाले. अमेरिकेत १९९८ पासून पिठासारख्या धान्यपदार्थांत फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे करण्यात आले. आपल्या देशात १९७० सालापासून गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा सरकारी कार्यक्रम चालत आला आहे.

आपल्या घरांसाठी

इतके असूनही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. म्हणजे दोघींपैकी एकीहून अधिक. त्यांतील पुष्कळ जणींत लोहाची उणीव हे मोठे कारण असते, हे खरे. परंतु उणीव लोहाची असो, फॉलिक आम्लाची असो वा ब १२ ची असो, बहुधा ती ताटातूनच सुरू होते. आणि येथेच हा विषय लूसीबाईंच्या चरित्रातून निघून आपल्या स्वयंपाकघरात येतो.

आपली घरे आता उपाशी नाहीत. पण पुरुष व मुले जेवून उठल्यावर उरलेसुरले घेऊन बसण्याची रीत अजून कित्येक घरांत आहे. आमटीचा तळ, भाजीचा शेवटचा डाव, आणि भात मात्र भरपूर, असे ते ताट असते. बाईने सर्वांच्या मागून जेवावे यात आपण तिचा त्याग पाहतो, तिची थोरवी गातो. सर्वांत जास्त पोषण जिला हवे, तिला सर्वांत कमी मिळते, ही गोष्ट त्या स्तुतीत झाकली जाते. लूसीबाईंनी परळात जो प्रश्न विचारला तो आपणही आपापल्या घरी विचारावा. आज सुनेच्या ताटात काय होते?

उपाय दुर्मिळ नाहीत. पालक, मेथी, माठ, अळू, शेवग्याचा पाला या पालेभाज्या, चवळी, मूग, हरभरा ही कडधान्ये आणि भुईमुगाचे दाणे यांतून फॉलिक आम्ल मिळते. ते पाण्यात विरघळते व फार शिजविल्याने नाश पावते. म्हणून भाजी बेताची शिजवावी आणि उकडलेले पाणी मोरीत न ओतता आमटीत घालावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागण्यास अडथळा होतो. फॉलिक आम्लाची गोळी गरोदरपणाची चाहूल लागण्यापूर्वीच सुरू करणे हितकर असते. लग्न झालेल्या मुलीस आईने वा सासूने हे वेळीच सांगावे.

शाकाहारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब १२ जीवनसत्त्व वनस्पतींत नसते, दुधादह्यातून थोडे मिळते. ते कमी असता नुसते फॉलिक आम्ल घेत राहिल्यास रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहू शकते. दोन द्रव्ये भिन्न आहेत, हा जो भेद लूसीबाईंनी अट्टाहासाने सिद्ध केला, त्याचा आपल्याशी संबंध येतो तो असा. म्हणून अशक्तपणा, हातापायांस मुंग्या असे काही आढळल्यास मनाने गोळ्या न घेता डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे.

आपल्या मंडळाचे वार्षिक संमेलन होते, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, हळदीकुंकू होते. त्या दिवशी जमलेल्या भगिनींच्या रक्ताची तपासणी करण्याची सोय महिला शाखेने ठेवल्यास खर्च थोडा व लाभ मोठा होईल. एका बोटाच्या थेंबभर रक्तात हे काम होते. ज्या भगिनीच्या रक्ताचा आकडा कमी येईल, तिच्या घरच्या मंडळींस त्याच दिवशी ते कळावे, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून तिचे पान सर्वांच्या बरोबरीने मांडले जाईल. परळच्या त्या प्रयोगशाळेत आपल्या मायबहिणींसाठी झिजलेल्या परदेशी विदुषीस आपल्या ज्ञातीने वाहिलेली ती आदरांजली ठरेल.